वाचकांचे प्रश्न: शिकवायचे कोणी, पैसे मोजायचे कोणी?

या वेळी कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आणि नोकरी करता करता चालू राहणारे शिक्षण यांच्या हिशेबाबद्दल आलेली पत्रे निवडली आहेत. रकमा चलनात न देता एककांत दिल्या आहेत. वाचकांनी आपापले आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत.

प्रश्न: माझे यंत्रभागांचे वर्कशॉप आहे, पंचेचाळीस माणसे. नव्या मुलांना आम्ही वर्षभर शिकवतो. हात बसला की दुसरा कारखाना थोडा जास्त पगार देऊन त्यांना उचलून नेतो. आता शिकवणे बंदच करावे आणि तयार माणसेच घ्यावीत असे वाटते. हे बरोबर ठरेल का?

तुमची तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. शिकवणाऱ्या मालकाच्या पदरात फायदा पुरता पडत नाही, म्हणून मालक जरुरीपेक्षा कमी शिकवतात, हे आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच मांडले होते. पुढे १९६० च्या दशकात गॅरी बेकर यांनी या प्रश्नाची नीट फोड केली. त्यांनी कौशल्याचे दोन भाग पाडले. ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटर लावणे, वेल्डिंग करणे ही कुठल्याही कारखान्यात चालणारी कौशल्ये. तुमच्या जुन्या लेथची खोड ओळखणे, तुमच्या ग्राहकाला कोणत्या मापात किती सूट चालते हे ठाऊक असणे, ही फक्त तुमच्याकडे चालणारी. बेकर यांचे म्हणणे असे, की सगळीकडे चालणाऱ्या कौशल्याचा खर्च अखेर शिकणाराच सोसतो, शिकण्याच्या काळात कमी पगार घेऊन. कारण शिकून झाल्यावर त्याचा पूर्ण मोबदला बाजारात त्यालाच मिळणार असतो. फक्त तुमच्याकडे चालणाऱ्या कौशल्याचा खर्च आणि फायदा मात्र दोघांनी वाटून घ्यायचा.

व्यवहारात चित्र थोडे निराळे आहे. कितीतरी मालक सगळीकडे चालणारी कौशल्येही पदरमोड करून शिकवतात आणि बुडत नाहीत. हे का, ते डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी १९९८ आणि १९९९ मध्ये दाखवून दिले. बाहेरच्या मालकाला तुमच्या माणसाचा हात किती तयार आहे हे आतून दिसत नाही. नोकरी बदलणे माणसालाही सोपे नसते: प्रवास वाढतो, ओळखीची माणसे सुटतात, नव्या ठिकाणी टिकू की नाही याची धास्ती असते. त्यामुळे कौशल्य जेवढे वाढते तेवढा त्याचा बाहेरचा भाव वाढत नाही. ही मधली फट हीच शिकवणाऱ्या मालकाची कमाई.

आकडे घालून पाहू. शिकण्याआधी माणूस महिन्याला १०० एककांचे काम करतो आणि ९५ पगार घेतो, म्हणजे तुमच्याकडे ५ उरतात. शिकल्यावर तो १३० चे काम करतो आणि बाहेर त्याला ११० मिळू शकतात. तुम्ही त्याला ११२ दिलेत, तर तो राहण्याची शक्यता मोठी आणि तुमच्याकडे १८ उरतात. जादा १३. शिकवण्यावर एकूण १३० खर्च झाला असेल तर तो दहा महिन्यांत वसूल. आता दुसरी बाजू पाहा. शिकवल्यावरही तुम्ही पगार ९५ वरच ठेवलात, तर तो ११० वर जाणारच. तुमचे १३० बुडाले, शिवाय नवा माणूस शोधण्याचा खर्च वेगळा. अशा बहुतेक तक्रारींत गळती इथेच असते. कौशल्य वाढले तरी पगार पुढच्या वार्षिक वाढीपर्यंत थांबवून ठेवला जातो आणि माणूस त्याच मधल्या महिन्यांत जातो.

म्हणून शिकवणे थांबवू नका, पगाराचे वेळापत्रक बदला. आधी तुमच्याकडे लागणाऱ्या कौशल्यांची यादी करा. तीस-चाळीस बाबी सहज निघतील. प्रत्येकीपुढे ती बाहेर चालते की फक्त तुमच्याकडे, याची खूण करा. शिकण्याच्या वर्षाचे चार टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याची चाचणी पार केली की त्याच महिन्यात छोटी पगारवाढ द्या. सुरुवातीचा पगार त्या मानाने माफक ठेवला तर चालतो, पण पुढची शिडी पहिल्या दिवशी लेखी दाखवली पाहिजे. बाहेर चालणारी आणि खास तुमची कौशल्ये सुटी सुटी न शिकवता जोडीने शिकवा. ज्याला दोन्ही येतात त्याची किंमत तुमच्याकडे बाहेरपेक्षा नेहमीच जास्त राहते.

शिकाऊ मुलाला काम काय देता यावरही बरेच अवलंबून असते. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक कंपन्यांचा शिकाऊ उमेदवारांवरचा खर्च शिकण्याच्या काळातच भरून निघतो, जर्मनीत मात्र सरासरी कंपनीला त्या काळात निव्वळ खर्च येतो. पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखी: काही दिवस शाळेत, बाकीचे कामावर. फरक मुख्यतः दोन गोष्टींचा. स्विस कंपन्या शिकाऊंना सरावाच्या कामाऐवजी विकाऊ मालाचे काम लवकर देतात, आणि कुशल कामगाराच्या मानाने शिकाऊंचे वेतन तिथे कमी असते. जर्मन कंपन्या तो खर्च पुढे माणूस टिकवून वसूल करतात. तुमच्याकडे माणसे टिकत नसतील, तर तूर्त स्विस वाट धरा. तिसऱ्या महिन्यापासून त्या मुलाच्या हातून विकता येईल असा साधा भाग निघाला पाहिजे.

तयार माणसे बाहेरून घेण्याचा मार्ग सर्वांनीच धरला, तर तयार माणसे येणार कुठून? त्याच धंद्यातले चार-पाच जण एकत्र येऊन पायाभूत भाग सामाईक खर्चाने शिकवू शकत असाल, तर माणूस एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी पैसा वाया जात नाही. मात्र प्रत्येकाने किती जागा वापरल्या त्या प्रमाणात वर्गणी ठेवा. सरसकट समान वर्गणीत छोटे कारखाने पहिल्या वर्षातच बाहेर पडतात.

प्रश्न: मग बाँड लिहून घेतला तर? दोन वर्षे नोकरी सोडायची नाही, सोडली तर मोठी रक्कम भरायची.

धाक दाखवण्यासाठी फुगवलेली रक्कम अनेक देशांतली न्यायालये मान्य करत नाहीत. प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची वाजवी भरपाई पुष्कळ ठिकाणी टिकते. कायदा जागोजागी वेगळा असल्याने मसुदा स्थानिक वकिलाला दाखवून घ्याच. आर्थिक अंगाने एवढे सांगता येते: बाहेरच्या संस्थेला दिलेली फी, परीक्षेचे शुल्क, प्रवास एवढेच त्यात धरा आणि बिले जोडा. रक्कम दरमहा समान घटली पाहिजे. १८ महिन्यांचा करार आणि ९० एकके खर्च असेल, तर दर महिन्याला ५ कमी. कंपनीने स्वतःहून काढले तर काहीही वसूल करायचे नाही, हे कलम हवेच. सुरक्षिततेचे आणि कायद्याने सक्तीचे प्रशिक्षण यात कधीही घालू नये. ते धंदा चालवण्याचा खर्च आहे. आणि कामगाराची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे हे सरळ सरळ चुकीचे आहे.

बाँडचा खरा तोटा निराळाच. जाण्याची इच्छा असलेला माणूस मन लावून काम करत नाही, आणि बाँडची मुदत संपली त्याच आठवड्यात राजीनामे येतात. ज्याला राहायचेच आहे त्याला बाँड लागत नाही.

प्रश्न: लेखा विभागात काम करतो. प्रशिक्षणाचा खर्च म्हणून आमच्याकडे फक्त प्रशिक्षकाचे बिल नोंदले जाते आणि फायदा म्हणून ‘९२ टक्के सहभागी समाधानी’ असा अहवाल येतो. खरा हिशेब कसा मांडावा?

तुम्हाला खटकले ते योग्यच खटकले. बिल हा बहुधा खर्चाचा लहान तुकडा असतो. एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पॅकिंग लाइनवर एका मालाकडून दुसऱ्या मालाकडे जाताना यंत्राची मांडणी बदलावी लागते. हा बदल जलद करायला दहा ऑपरेटरना तीन दिवस शिकवायचे आहे. एका कामगाराचा एक तास म्हणजे १ एकक धरू, त्यात पगारासह बाकीचे देणेही आले.

दहा जण, तीन दिवस, रोज आठ तास: २४० एकके. प्रशिक्षकाचे बिल १२०. सरावासाठी यंत्र आठ तास थांबवले आणि यंत्राच्या एका तासामागे मजुरी वजा जाऊन १५ एकके सुटतात, म्हणून आणखी १२०. पर्यवेक्षकाचे तयारीचे आणि नंतर पाहणीचे ४० तास, त्याचा तास दीड एककाचा: ६०. आणि सगळे जण विसरतात तो खर्च: नवी पद्धत अंगवळणी पडेपर्यंत कामाचा वेग घटतो. बारा दिवस १० टक्के वेग कमी धरला तर दहा जणांचे ९६ तास. बेरीज ६३६. बिलाचा वाटा त्यात जेमतेम १९ टक्के. स्वस्त प्रशिक्षक शोधून बिल निम्म्यावर आणले तरी एकूण खर्च ६० नेच कमी होतो. उलट तेच प्रशिक्षण मंदीच्या आठवड्यात घेतले, जेव्हा माणसे आणि यंत्र तशीही रिकामी असतात, तर २४० आणि १२० या दोन्ही रकमा जवळपास गळून पडतात आणि खर्च २७६ वर येतो. प्रशिक्षणाची तारीख ठरवणे हा म्हणूनच सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी प्रशिक्षकाच्या सोयीने होतो.

आता फायदा. मांडणी बदलायला ५० मिनिटे लागत होती ती ३५ वर आली. दिवसाला चार बदल, म्हणजे एक तास वाचला. महिन्याला २५ दिवस काम. हे यंत्र कारखान्याची अडणी असेल, म्हणजे याच्यामुळेच पुढचा माल थांबत असेल, तर वाचलेला प्रत्येक तास १५ एककांचा. महिन्याला ३७५, आणि ६३६ ची वसुली दोन महिन्यांच्या आत. पण अडणी दुसरीकडे असेल तर? मग जादा माल निघतच नाही, यंत्रावरच्या दोन माणसांचा एकेक तास तेवढा मोकळा होतो. दिवसाला २, महिन्याला ५०. वसुलीला जवळजवळ तेरा महिने. शिवाय वर्षभरात दहांपैकी तिघे सोडून जात असतील, तर पहिल्या वर्षी सरासरी साडेआठच जण हाताशी राहतात. ५० गुणिले १२ गुणिले ०.८५ म्हणजे ५१०. वर्षअखेरीस खर्च भरून निघालेला नाही, आणि दुसऱ्या वर्षी नव्या तिघांना पुन्हा शिकवावे लागणार. शिकवले तेच, शिकले तेवढेच. यंत्र कोणते निवडले एवढ्यावर उत्तर उलटले.

समाधानाच्या अहवालाबद्दल. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या: सहभागींना कसे वाटले, ते काय शिकले, कामाची रीत बदलली का, आणि निष्पत्ती काय. तुमचा अहवाल पहिल्याच पायरीवर थांबलेला आहे. शक्ती तिसऱ्या पायरीवर लावा. सहा आठवड्यांनी जागेवर जाऊन पाहा, दहांपैकी किती जण नव्या रीतीने करतात. सहाच करत असतील तर फायद्याचा आकडा ०.६ ने गुणायचा. उरलेले चौघे का करत नाहीत याचे उत्तर बहुधा वर्गात सापडणार नाही. योग्य पाना हाताशी नसतो, किंवा पाळीचा मुकादम जुन्याच पद्धतीचा आग्रह धरतो.

एक धोका ध्यानात ठेवा. कामगिरी खालावलेल्यांनाच प्रशिक्षणाला पाठवले जाते, आणि खालावलेला आकडा प्रशिक्षण नसते तरी थोडा वर येतोच. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये सरकारी प्रशिक्षण योजनांत हेच दाखवले: योजनेत येणाऱ्यांची कमाई येण्याच्या लगेच आधी घसरलेली असते, त्यामुळे आधी आणि नंतर अशी सरळ तुलना फायदा फुगवून दाखवते. उपाय साधा आहे. चिठ्ठ्या टाकून पाच जणांना आता पाठवा, पाच जणांना तीन महिन्यांनी. मधल्या तीन महिन्यांत दोन्ही गटांची दर आठवड्याची नोंद ठेवा, आणि त्याआधीच्या आठ आठवड्यांचीही. दहा माणसांत आकडे हेलकावतात, त्यामुळे दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून काही ठरवू नका. बदलाची वेळ ५० वरून ३५ येणे हा मात्र डोळ्यांना दिसणारा फरक असतो.

प्रश्न: आमचा सर्वांत कुशल कारागीर नव्यांना शिकवू शकत नाही. ‘बघ आणि कर’ एवढेच म्हणतो. तो मुद्दाम लपवतो का?

कधी कधी लपवतो, आणि त्याला कारण असते. त्याला नगावर पैसे मिळत असतील, तर शिकवण्यात गेलेला तास त्याच्या खिशातून जातो. शिकवून झाले की आपली गरज संपेल ही भीतीही खरी असते. म्हणून शिकवण्याच्या तासांना त्याच्या सरासरी कमाईच्या दराने पैसे द्या आणि तो प्रशिक्षक असल्याची पदावर व पगारात नोंद करा. हे केल्याशिवाय पुढच्या पद्धतीचा उपयोग होणार नाही.

पण बरेचदा तो लपवत नसतो. वीस वर्षांत हाताला जे कळले ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५, अमेरिकेत हजारो कारखान्यांना अननुभवी कामगार झटपट तयार करायचे होते. तिथल्या सरकारी कार्यक्रमात पर्यवेक्षकांना शिकवण्याच्या चार पायऱ्या दिल्या गेल्या आणि त्या आजही तशाच चालतात. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या: त्याला आधी काय येते ते विचारा, काम नीट दिसेल अशा जागी उभे करा. मग काम दाखवा: एकदा टप्पे सांगत, दुसऱ्यांदा खुब्या सांगत, तिसऱ्यांदा कारणे सांगत. मग त्याच्याकडून करून घ्या: आधी मुकाट्याने, मग टप्पे, खुब्या आणि कारणे त्याच्या तोंडून वदवत. शेवटी त्याला कामाला लावा, अडल्यास कोणाला विचारायचे ते सांगा आणि हळूहळू पाहणी कमी करत न्या.

याआधी कारागिराबरोबर बसून कामाची फोड कागदावर उतरवावी लागते. तीन रकाने: टप्पा, खुबी, कारण. ज्यावर काम बनते किंवा बिघडते, ज्याने इजा होते, किंवा ज्याने काम सोपे होते, तेवढीच खुबी. उदाहरणार्थ ड्रिलिंगमध्ये ‘जॉब (ज्याला भोक पाडायचे तो तुकडा) वाइसमध्ये, म्हणजे पकडीत, धरा’ हा टप्पा. ‘जॉब खालच्या पट्ट्यांवर टेकला आहे का ते पट्टी हलवून पाहा’ ही खुबी. ‘पट्टी हलली तर जॉब उचललेला आहे, भोक तिरके जाईल’ हे कारण. एका बैठकीत पाच-सहा टप्प्यांपलीकडे जाऊ नका. जास्त असतील तर कामच दोन तुकड्यांत शिकवा. हा कागद तयार करायला कारागिराचे दोन-तीन तास जातात, पण पुढच्या प्रत्येक नव्या माणसामागे ते वाचतात.

वेग येण्याचा हिशेबही माहीत असावा. थिओडोर राइट यांनी १९३६ मध्ये विमान बांधणीच्या नोंदींवरून मांडले, की एकूण नगांची संख्या दुप्पट झाली की नगामागची सरासरी मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते. पहिला नग १०० वर धरला, तर दोन नगांची सरासरी ८०, चारांची ६४, आठांची ५१, सोळांची ४१. प्रत्येक कामाचा उतार वेगळा असतो, पण आकार हाच: सुरुवातीला मोठी घसरण, मग सपाटी. त्यामुळे दर दोन महिन्यांनी माणसे बदलत राहणारा कारखाना कायम या रेषेच्या महाग टोकावरच काम करत असतो.

प्रश्न: वय ४६. महिन्यातले काही तास जादा काम सोडून दहा महिन्यांचा संध्याकाळचा अभ्यासक्रम करावा का? कंपनीत स्वयंचलित यंत्रणा येते आहे. घरचे म्हणतात, आता या वयात काय उपयोग.

वयाचा मुद्दा घरच्यांना वाटतो तेवढा मोठा नाही. फायद्याची वर्षे मोजताना दोन आकडे पाहायचे: तुमच्या नोकरीची उरलेली वर्षे, आणि ते कौशल्य बाजारात चालेल ती वर्षे. यातला लहान आकडा खरा. एखाद्या सॉफ्टवेअरची ठरावीक आवृत्ती पाच वर्षांत मागे पडणार असेल, तर पंचविशीतल्या मुलालाही त्याची पाचच वर्षे मिळतात आणि तुम्हालाही पाचच. वय आडवे येते ते दहा-पंधरा वर्षांनी फळ देणाऱ्या शिक्षणात.

तुमचा महिन्याचा पगार १०० धरा. फी २५० आणि सोडलेल्या जादा कामाचे दरमहा २० प्रमाणे २००, एकूण ४५०. नंतर पगार ८ टक्के वाढला तर वर्षाला ९६, म्हणजे वसुलीला पावणेपाच वर्षे. कर्ज काढून फी भरणार असाल तर व्याज वर. आणि शिकलेले वापरायला मिळण्याची शक्यता निम्मीच असेल, तर हाच काळ साडेनऊ वर्षांच्या घरात जातो. एवढ्यावर थांबलो तर उत्तर डळमळीतच येते.

तुमच्या पत्रातली खरी गोष्ट पगारवाढीची नाही, नोकरी वाचण्याची आहे. नोकरी गेली आणि दुसरी मिळायला सहा महिने लागले, तर ६०० गेले. नवी नोकरी १५ टक्के कमी पगाराची असेल तर पुढे दरवर्षी १८०. पाच वर्षांचे ९००. एकूण १,५००. अभ्यासक्रमामुळे नोकरी जाण्याची शक्यता शंभरात वीसने कमी झाली, तर त्याची किंमत ३००. पगारवाढीच्या निम्म्या शक्यतेचे पाच वर्षांचे २४० त्यात मिळवा: ५४०. ४५० पेक्षा जास्त, पण फार जास्त नव्हे. म्हणजे निर्णय तुमच्या दोन अंदाजांवर लटकला आहे, आणि ते अंदाज आजच पक्के करता येतात. कंपनीत जाऊन विचारा की नव्या यंत्रणेवर किती माणसे लागणार आणि निवड कशावर होणार. यंत्रपुरवठादार कामगारांना स्वतः शिकवणार आहे का तेही विचारा. शिकवणार असेल, तर बाहेर पैसे घालवून तेच शिकू नका. त्याऐवजी त्याच्या खालचा पाया पक्का करा: विद्युत मंडले वाचणे, सेन्सर व मोटर यांचे मूलभूत ज्ञान, बिघाड शोधण्याची रीत. हे ज्ञान एका बनावटीच्या यंत्रापुरते मर्यादित राहत नाही आणि लवकर शिळेही होत नाही. फी भरण्याआधी त्या संस्थेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या किमान तिघांशी बोला. प्रमाणपत्र मिळाले का हे विचारू नका, सध्या रोज काय काम करता ते विचारा. आणि अभ्यासक्रम दोन-तीन तुकड्यांत करता येत असेल तर तसाच करा. पहिला तुकडा झाल्यावर थांबायचे की पुढे जायचे हे ठरवण्याची मोकळीक बरीच मोलाची असते.

प्रश्न: सरकारने प्रशिक्षणाचा पैसा मालकांना द्यावा की थेट नागरिकांच्या खात्यात?

दोन्ही करून पाहिले गेले आहे, आणि दोन्हींची भोके ठाऊक आहेत. ब्रिटनने २००० मध्ये व्यक्तीच्या नावाने शिक्षण खाती उघडली. शिकवणाऱ्या संस्थांची नीट तपासणी नव्हती, बोगस दावे निघाले आणि इंग्लंडमध्ये २००१ च्या नोव्हेंबरात योजना बंद करावी लागली. फ्रान्समध्ये २०१५ पासून असे खाते आहे. २०१९ पासून ते तासांऐवजी युरोत मोजले जाते, सर्वसाधारण कामगाराला पूर्ण वर्षाचे ५०० आणि कमाल ५,०००. तिथेही फसवे फोन इतके वाढले की २०२२ च्या अखेरीस अशा विक्रीवर कायद्याने बंदी आणावी लागली, आणि २०२४ मध्ये शिकणाऱ्याला १०० युरो स्वतः भरायला लावले. सिंगापूरनेही २०१५ मध्ये योजना जाहीर करून २५ वर्षांवरील नागरिकांना शिक्षणापुरती ५०० सिंगापुरी डॉलरची रक्कम दिली, आणि २०२४ मध्ये चाळिशीपुढच्यांना आणखी ४,०००. ही वाढीव रक्कम कोणत्याही छंदवर्गाला वापरता येत नाही, निवडक अभ्यासक्रमांनाच चालते. हा धडा मोलाचा वाटतो.

मालकांकडून वर्गणी घेऊन ती त्यांनाच प्रशिक्षणासाठी परत देण्याच्या पद्धतीत दुसरीच अडचण येते. ब्रिटनने २०१७ पासून वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून जास्त असलेल्या मालकांना ०.५ टक्के वर्गणी लावली. त्यानंतर नव्या शिकाऊ उमेदवारीच्या जागा घटल्या आणि वरच्या पातळीच्या, आधीच नोकरीत असलेल्यांच्या जागा वाढल्या. मालकाने स्वतःच्या पैशाने जे केले असतेच, तेच वर्गणीच्या पैशाने केले.

आमचे मत विचाराल तर पैसा कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न दुय्यम आहे. जवळजवळ प्रत्येक देशात ज्यांचे शिक्षण आधीच जास्त, तेच नोकरीतही जास्त शिकतात. कमी शिकलेल्या, हंगामी, छोट्या आस्थापनांतल्या माणसांपर्यंत रक्कम पोहोचली तरी शिकायला वेळ पोहोचत नाही. पाळी सुटल्यावर दोन तास प्रवास करणाऱ्याला खात्यातले पैसे वापरताच येत नाहीत. पगारी रजेचे तास दिले, मालकाला त्या तासांची भरपाई दिली आणि वर्ग कामाच्या जागेजवळ भरवला, तर तीच रक्कम कितीतरी जास्त काम करते. निकालाची घाईही नको. बेरोजगारांच्या प्रशिक्षण योजनांच्या शेकडो मूल्यमापनांत पहिल्या वर्षात फायदा जवळपास शून्य दिसतो आणि दोन-तीन वर्षांनी तो वर येतो. वर्षाच्या आत योजना गुंडाळणारे सरकार खर्च तेवढा करते आणि फळ येण्याआधी निघून जाते.

प्रश्न: कंपनीने सर्वांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांचे वार्षिक सदस्यत्व घ्यावे का?

सर्वांसाठी नको. आधी वीस जणांसाठी तीन महिन्यांचे घ्या आणि दोन अटी घाला: आठवड्यातले दोन तास कामाच्या वेळेतून, आणि प्रत्येकाने साहेबाशी बोलून एक चालू काम आधीच निवडायचे, ज्यात शिकलेले पंधरा दिवसांच्या आत वापरले जाईल. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले सर्वांत जास्त विस्मरणात जाते ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. वापरण्याचे काम समोर नसेल तर सदस्यत्व कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. तीन महिन्यांनी किती अभ्यासक्रम पूर्ण झाले हे मोजत बसू नका. निवडलेल्या वीस कामांपैकी किती नव्या रीतीने झाली ते पाहा. आठाहून कमी निघाली, तर पैसे सदस्यत्वाऐवजी एका चांगल्या पर्यवेक्षकाच्या वेळेवर खर्च करा.